हात पुढे झालेच नाहीत

हे सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की कुठून सुरुवात करू, कळत नाही. तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटत नव्हता. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं, नाशिकजवळच्या आमच्या गुलाबाच्या मळ्यात. मुलगी झाली, पेढे वाटले, आणि मला काहीच वाटलं नाही. ती रडायची, मी भिंतीकडे बघत बसायचे. भूक नाही, झोप नाही. सासूबाई मीठ-मोहरी ओवाळून थकल्या. "एवढी सोन्यासारखी पोर, आन् हिचं तोंड का उतरलंय?" असं येईल त्याला विचारायच्या. मला वाटे, मी आई व्हायच्या लायकीचीच नाही. देवीवरचा विश्वासही उडाला होता.

सव्वा महिन्याने सप्तशृंगीच्या गडावर नवस फेडायला गेलो. माझ्या मनात भलतंच होतं. लेकीला देवीच्या पायांवर घालायचं आणि सांगायचं, आता तूच सांभाळ, मला जमत नाही. पुजाऱ्यांनी तिला पायांशी टेकवून परत दिलं, तर माझे हात पुढे झालेच नाहीत. रांग खोळंबली. "अगं, धर की," सासूबाई चिडल्या.

तेवढ्यात मागच्या एका अनोळखी बाईने लेकीला घेऊन सासूबाईंकडे दिलं आणि माझेच दोन्ही हात धरले. ती कळवणकडची, दवाखान्यात नर्स होती. बाहेर पायरीवर बसवून म्हणाली, "लेकराचं राहू दे. तुला कसं वाटतंय, ते सांग." सव्वा महिन्यात हे कुणी विचारलंच नव्हतं! मी भडाभडा सगळं बोलले, देवीला काय सांगणार होते तेसुद्धा. ती दचकली नाही. सासूबाईंना म्हणाली, "मावशी, ही नाटकं नाय, बाधा बी नाय. बाळंतपणानंतरचा आजार हाय, लय जणींना होतो. उद्याच डॉक्टरकडं न्या. आन् हिला एकटी ठेवू नका."

सासूबाई लेकीला घेऊन माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मोठ्याच्या टायमाला मला बी असंच झालं व्हतं. मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय."

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी म्हणते, देवीच आली होती. तुम्ही काहीही म्हणा. कुणी हात धरला तर तो धरू द्यावा, एवढंच शरण जाणं मला तिने शिकवलं. औषधं सुरू झाली, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं, हळूहळू फरक पडत गेला. आणि एका सकाळी आंघोळ घालताना लेक अशी काही शिंकली, की मला खळखळून हसू आलं. सासूबाई फुलांच्या जुड्या टाकून धावत आल्या.

"कोण हसलं?"

"मी," म्हटलं.

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या गडाच्या दिशेने हात जोडले.