आमचं झ्याक चाललंय

कुशाबाई माझी थोरली जाऊ. तिच्यासारखी ताठ बाई आमच्या बिरोबाच्या वस्तीवर दुसरी न्हाई, आन् तिच्यासारखी येडीपण न्हाई. मी गिताबाई, तिची धाकटी जाऊ. एका चुलीवर आमची निम्मी हयात गेली, तवा तिला येडी म्हणायचा हक्क हाय मला.

घरात साखर नसली की ती मला मागल्या दारानं शेजारी धाडायची, आन् म्होरल्या दारात पाव्हण्याला म्हणायची, बसा की, चहाला काय तोटा हाय. पाव्हण्यानं इचारलं, कसं काय चाललंय, तर तिचं एकच ठरलेलं, "आमचं झ्याक चाललंय." अंगात ताप असू दे, न्हाईतर भाकरीवर नुसती चटणी असू दे. माझ्या तोंडून चुकून "यंदा पाणी कमी पडलं" असं निघालं, तर पाव्हणा गेल्यावर माझी खरडपट्टी.

"गिते, आपण मेंढरामागं हिंडलेली माणसं," म्हणायची. "रोज नव्या गावात, लोकाच्या वावरात उतरायचो. तवा रडगाणं गायलं असतं तर भिकारी म्हणून हाकलून दिलं असतं. पोटात काय हाय ते पाव्हण्याला दावायचं न्हाई." तिचं खोटं नव्हतं. आमच्यात तसंच चालत आलंय.

मेंढरं सुटली ती हायवेपायी. वरवंडच्या अलीकडं वस्ती आमची, आन् म्होरनंच सोलापूरचा रस्ता. एका पहाटे कळप पल्याड नेताना ट्रक आला आन् निम्मी मेंढरं डोळ्यांदेखत चिरडली. माझे थोरले दीर तात्याबा मधोमध काठी धरून उभे व्हते, ते वाचले हीच बिरोबाची किरपा. उरलेली मेंढरं इकली, चार शेरडं ठेवली आन् शेतीला लागलो. तवापासनं वस्तीवरचं लहान पोरगं कुणी त्या रस्त्यापल्याड एकलं धाडत न्हाई.

आता सोनमचं सांगते. सोनम म्हंजी कुशाबाईच्या मल्हारीची लेक. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट, पोरगी तवा चौथीत व्हती. केडगावला मामाकडं गेलती, तिथं एका दुकानात कंप्युटर बघून आली. दुकानदारानं तिच्याच बोटानं तिचं नाव उठवून दावलं. झालं, तवाधरनं उठता-बसता तेच. आजे, मी पाचवीत गेले की कंप्युटर शिकणार. कुशाबाई वरनं "गप गं" म्हणायची, पर आत हुरळून जायची. माझ्या कानात सांगायची, "ही पोरगी हापिसात बसंल बघ, खुर्चीवर."

पर आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपतुरच. पुढं शिकायचं तर हायवे वलांडून लांबच्या गावाला. त्यात एक दिवस मारुतराव गुरुजींनी बातमी आणली. आमची शाळा आन् हायवेपल्याडची तसलीच चौथीपतुरची शाळा, ह्या दोन्हीतल्या एकीला तालुका कंप्युटर देणार, आन् जिथं कंप्युटर तिथंच पाचवीपासनं म्होरले वर्ग भरणार. ते ठरवायच्या आधी घरोघर सर्व्हे, पालकांचं म्हणणं काय, अडचणी काय. गुरुजींनी फोड करून सांगितलं, जिथं गरज जास्त, तिथं आधी. कुशाबाईनं समदं ऐकलं, मान पण हालवली.

सर्व्हेला डीएडला शिकणारी एक पोरगी आली, केडगावची तेजश्री. गुरुजींच्या गाडीवर मागं बसून आली. कुशाबाईनं शाळेतनं खुर्ची मागून आणलेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, आन् चुलीवर शिरा. मला तवाच कळायला पायजे व्हतं. शिरा केला म्हंजी ती पोरगी सर्व्हेवाली ऱ्हाईली न्हाई, पाव्हणी झाली.

"आजी, घरी लाइट असते का?"

"डांब दारातच हाय की." डांबाला तार हाय, तारंत लाइट कवा येती ते इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई.

"मुलीला अभ्यासाला जागा?"

"एवढं घर हाय, कुठं बी बसती."

"शाळेत काही कमी वाटतं?"

"गुरुजी देवमाणूस. काय कमी न्हाई."

सोनम दाराची चौकट धरून उभी व्हती. "आजे, आपली लाइट..." एवढं म्हणाली, तर कुशाबाईनं असे डोळे वटारले की पोरगी जागेवर थिजली.

गुरुजी कासावीस. "कुशाबाई, आहे ते मोकळं सांगा."

"मोकळंच सांगतीय, गुरुजी. आमाला काय भीक लागलीय?"

"कंप्युटर इथं यावेत असं वाटतं का?" तेजश्रीनं शेवटचं इचारलं.

"दिलं तर घेऊ. न्हाई दिलं तरी आमचं झ्याक चाललंय. शिरा घ्या, गार व्हतोय."

मी चुलीपाशी बसून नुसती जळत व्हते. म्होरं जाऊन बोलायचं तर थोरल्या जावंचा पाणउतारा, आन् तो बी पाव्हण्याम्होरं. गिळलं. बाकीच्या बाया तर कुशाबाई काय म्हणाली ते आधी इचारून गेल्या आन् घरोघर त्येच सांगितलं. तिच्यापरीस कमी कोण ठरून घेणार? हायवेपल्याडच्यांनी मातुर पोटभर अडचणी सांगितल्या. शाणी माणसं ती.

पालकसभेत गुरुजींनी निकाल वाचला. आमची वस्ती समाधानी. कंप्युटर पल्याड, पाचवी पण पल्याड. घरी आल्यावर तात्याबा एवढंच म्हणाले, "जिथं माझी मेंढरं चिरडली तिथनं मी पोरगी धाडायचा न्हाई." मल्हारीची बापाम्होरं बोलायची छाती न्हाई. सोनम रडली न्हाई. शेरडं घेऊन माळाला गेली.

कुशाबाईला तवा उमगलं. दोन दिस जेवली न्हाई, मग म्हणाली, "चल गिते, दौंडला. मी सांगते शिक्षणाच्या साहेबाला खरं काय ते." मी आनंदानं गेले. साहेब भला माणूस, खुर्च्या दिल्या, चहा आणवला. "बोला, काय अडचण आहे?"

कुशाबाईनं पदर सावरला. कपाकडं बघितलं. ज्याचा चहा घेतला त्याच्याम्होरं तोंड येंगाडायचं, हे तिच्या रक्तातच न्हाई. म्हणाली, "अडचण कसली, साहेब. आमचा सर्व्हेचा कागद पोचला का, तेवढं इचारायला आलो."

माझं डोकं सणकलं. मीच उठले आन् घडाघडा बोलले, लाइट न्हाई, जागा न्हाई, पोरगी शेरडामागं लागली. साहेब दोघींकडं आळीपाळीनं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मावशी, यंत्रं बसली तिकडं. पुढच्या वर्षी बघू." परतीच्या वाटंला एष्टीत मी तिला नको नको ते बोलले. ती खिडकीतनं बाहीर बघत व्हती, डोळ्याचं पाणी पुसायचं बी भान नव्हतं तिला.

साल उलटलं. तेजश्री परत आली, सर्व्हे घेऊनच. ह्या खेपेला ना खुर्ची, ना शिरा. कुशाबाईनं तिला घोंगड्यावर बसवलं आन् सुरू झाली. डांबाला लाइट न्हाई, रस्त्याचं भ्या हाय, पोरगी हुशार असून घरी बसलीय, आमचं काय बी धड चाललेलं न्हाई. जन्मात पहिल्यांदा पाव्हण्याम्होरं बोलली ती. पर तेजश्रीचा पेन काय हालंना.

"आजी, यावेळी शाळा सुटलेल्या मुलांनाच विचारायचंय. त्यांच्याच तोंडचं लिहायचं."

"मग तर ब्येसच झालं," कुशाबाई म्हणाली आन् सोनमला हाक मारली.

सोनम माळावरनं आली. पाय धुतले, केसावरनं हात फिरवला, पाव्हणीम्होरं ताठ बसली.

"सोनम, परत शाळेत जावंसं वाटतं? कंप्युटर शिकायला आवडेल ना?"

पोरीनं एकदा आजीकडं बघितलं. मग परकर सारखा केला. "न्हाई ताई," म्हणाली, "आमचं झ्याक चाललंय."

"लिहू नका ते," कुशाबाईनं तेजश्रीचा हात धरला. "खोटं बोलती ती. म्या शिकवलंय तिला तसं. सोनम, अगं सांग की खरं." तेजश्रीनं परत इचारलं. सोनमनं परत तेच सांगितलं, हसून. वर म्हणाली, "ताई, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई."

आन् उठून आत आली, माझ्यापाशी. म्होरं कुशाबाई अजून गयावया करत व्हती. सोनम माझ्या कानाला लागली, "धाकटे आजे, साखर न्हाई. मागल्या दारानं जाऊन आणतीस?"

मी वाटी घेतली आन् मागल्या दारानं गेले.