मेम्ब्रियो गल्लीची शांतता

आमच्या मेम्ब्रियो गल्लीत अशी बातमी फिरते की दोन्या (म्हणजे बाईसाहेब) ओतिलिया बारागान यांना पोरांचा तिटकारा आहे, आणि म्हणून पोरांचं क्लबहाऊस त्यांनी एकटीनं बुडवलं. ही बातमी मीच पसरवली असंही काहीजण म्हणतात. ती निराळी अफवा आहे, तिच्यात मी पडत नाही. क्लबहाऊस दोन्यांनी बुडवलं होतं हे मात्र खरं. काही दिवस ते पार तळाला गेलं होतं. पण तिटकाऱ्यानं नव्हे. पोरांवरच्या मायेनं एखादी बाई केवढा घोळ घालू शकते, ते बघायला सान तेल्मो गावात आमच्या गल्लीत यावं.

दोन्यांनी चोवीस वर्षं शाळेच्या कोपऱ्यावर पोरांना रस्ता ओलांडून दिला. अंगात केशरी बंडी, हातात 'थांबा'ची लाल पाटी आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी निव्वळ शोभेची, कारण दोन्यांना देवानं आवाज दिलाय. लेट्यूसच्या मळ्यांतून भरून निघालेले ट्रक आमच्याच गल्लीतून हायवेला लागतात. काचा वर, गाणी जोरात, तरी त्या ट्रकवाल्यांना दोन्यांचं "थांबा" ऐकू जायचं. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं केक दिला आणि पाटी परत मागितली. केक दोन्यांनी घेतला. पाटी अजून त्यांच्या दाराआड उभी आहे.

आणि रोज दुपारी पावणेतीनला ती पाटी घेऊन दोन्या अजूनही कोपऱ्यावर जातात. कुणी सांगितलेलं नाही. शाळा सुटली की पोरांना जायला जागाच नाही, म्हणून ती रस्त्यावर खेळतात, आणि ट्रक त्याच रस्त्यानं येतात. मागच्या वर्षी एका ट्रकनं चेंडू चिरडला, आणि चेंडूमागे धावणारी पोरगी वीतभर अंतरावर उभी राहिली. त्या रात्री दोन्या जेवल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला भाजी भरायची जुनी शेड पाडून मोकळी पडलेली जागा आहे. तिथं पोरांसाठी क्लबहाऊस व्हावं, बास्केटबॉलचं अंगण, अभ्यासाची खोली आणि भोवती कुंपण, म्हणून त्या नऊ वर्षं नगरपालिकेला पत्रं लिहीत होत्या. दहाव्या वर्षी नगरपालिका हो म्हणाली.

पण इथं नुसतं हो म्हणून भागत नाही. बांधण्याआधी त्या बांधकामानं हवेचं, पाण्याचं, पक्ष्यांचं, रहदारीचं आणि शांततेचं काय होईल ते तपासून अहवाल लिहावा लागतो. त्यासाठी किप हाल्वर्सन नावाचा उंच, लालसर, भल्या मनाचा तरुण आला. चार दिवस तो मोकळ्या जागेत गुडघ्यांवर रांगत होता. इकडची काही घुबडं जमिनीतल्या बिळांत राहतात, ती आहेत का ते बघत होता. बिळांतून खारी निघाल्या. त्याही त्यानं लिहून घेतल्या. मग एका बुधवारी त्यानं दोन्यांच्या घरासमोरच्या दिव्याच्या खांबावर एक डबी बांधली. डबीवर स्पंजचा गोंडा होता.

"ही उद्या पूर्ण दिवस गल्लीचा आवाज ऐकणार," तो म्हणाला. "तुम्ही काही करायचं नाही. नेहमीसारखं राहा."

आता, घरी पाहुणा येणार असेल आणि तो म्हणाला, "माझ्यासाठी काही करू नका," तर त्याचा अर्थ काय होतो ते आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. वाळत घातलेले कपडे काढायचे, अंगण झाडायचं आणि म्हाताऱ्याला शर्ट घालायला लावायचा.

दोन्या पाटी घेऊन घरोघर फिरल्या. "सरकारचा कान आलाय दारात," त्या म्हणाल्या. "आपण माणसासारखी माणसं आहोत हे त्याला कळू दे. उद्या ज्याच्या घरातून आवाज येईल, त्याच्या पोराला क्लबहाऊसच्या दारात मी उभं करणार नाही."

असा गुरुवार मी आयुष्यात पाहिला नाही. कुल्फीवाल्यानं गाडीच्या घंटांत मोजे कोंबले. मक्याच्या पानात उकडलेले तमाले विकणारी बाई रोज मोठ्यानं हाळी देते. ती त्या दिवशी खिडकीशी येऊन तमालेचं पातेलं नुसतं उघडून दाखवायची, बिचारी. सेपुल्वेदांचा रोहेलिओ लग्नांच्या बँडमध्ये ट्यूबा नावाचं पितळी धूड वाजवतो. त्याचा ट्यूबा गादीत गुंडाळून गाडीच्या डिकीत गेला. ती गाडीही चौघांनी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथं चालू केली. ट्रकवाल्यांनी दोन्यांच्या शब्दाखातर तेवढ्या दिवसापुरता लांबचा रस्ता धरला. माझा कोंबडा बहिणीकडे पाहुणा गेला. शेजारच्या पुलिदो नवराबायकोचं भांडण गुरुवारी ठरलेलंच असतं. ते त्यांनी कागदावर केलं. तो कागद मी वाचलाय. बाईंचं अक्षर फार सुंदर आहे.

पोरांना घराघरांत कोंडलं होतं, आणि जी सुटली त्यांनी मोज्यांचा चेंडू करून चोरपावलांनी फुटबॉल खेळला. गोल झाला की सगळी हात वर करून तोंडं उघडायची, मुकी. दोन्या दिवसभर तोंडाला ओढणी बांधून ओसरीवर बसल्या होत्या. दोनदा शिंक आली ती उशीत दिली. मला हसू आवरेना, तर त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाटी फिरवली.

शुक्रवारी किप डबी न्यायला आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काय सुंदर गल्ली आहे." दोन्या अशा फुलल्या, की त्यांनी त्याला मक्याची भाकर बांधून दिली.

तीन आठवड्यांनी शाळेच्या वाचनालयात अहवालाचा कच्चा मसुदा वाचायला सभा भरली. आम्ही सगळे न्हाऊन गेलो होतो. हवा ठीक, पाणी ठीक, घुबडं नाहीत, खारी सुखरूप. मग आवाज. किपनं चष्मा पुसला.

"या गल्लीचा दिवसाचा आवाज बेचाळीस डेसिबल," तो म्हणाला. "भर वस्तीत इतकी शांत जागा मी नोकरीत पाहिलेली नाही. अशा जागी दीडशे मुलं खेळायला आली तर शांततेवर फार मोठा परिणाम होईल. अंगण रद्द करावं लागेल, भोवती उंच भिंत लागेल. आणि तेवढ्यानंही भागेल असं वाटत नाही. माझी शिफारस आहे की ही शांतता जपावी."

वाचनालयात तेव्हा तर खरंच बेचाळीस डेसिबल असतील. दोन्यांच्या मांडीवरची पाटी घसरून पालथी पडली, आणि ती उचलायलाही त्या वाकल्या नाहीत.

मग त्या उभ्या राहिल्या. "लेकरा, ती शांतता खोटी आहे. मी करवली ती."

किप गोंधळला. "म्हणजे इथं नेहमी आवाज असतो?"

"रग्गड."

"मग तेही नोंदवता येईल. तीस दिवस लोकांचं म्हणणं ऐकायचं असतं, आणि म्हणणं पटण्यासारखं असेल तर मी पुन्हा मोजेन. फक्त कुणाकुणाचा, कसला आवाज असतो ते सांगा."

आता झाली पंचाईत. वहीत नाव जाणार म्हटल्यावर सगळी गल्ली पुन्हा सभ्य झाली. रोहेलिओ उठला आणि म्हणाला, "ट्यूबा आहे माझ्याकडे, नाही असं नाही. पण मी तो बहुतेक मनातल्या मनात वाजवतो." पुलिदो बाई म्हणाल्या, आमच्या घरात वरच्या आवाजात बोलणं माहीत नाही, त्यांचा नवरा म्हणाला, हिचं खरं आहे, आणि एवढ्या बाबतीत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझा कोंबडा मितभाषी आहे असं मीही उभी राहून सांगितलं.

किपनं वही मिटायला घेतली.

"मिटू नकोस," दोन्या म्हणाल्या. "माझ्यापासून सुरू कर. मी रोज दुपारी ओरडते. माझ्या आवाजानं पलीकडच्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली शिरतात. घरात रेडिओ लावते तो बंद करायला विसरते. घोरते. माझा नवरा हयात होता तेव्हा तो गॅरेजमध्ये झोपायचा, आणि तिथूनही तक्रार करायचा. लिहिलंस?"

"लिहिलं."

दोन्या आमच्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. "रोहेलिओ, तू ट्यूबा लावलास की माझ्या कपाटातल्या बशा चालत चालत कडेला येतात. आणि तू, चोंबडे, तुझा कोंबडा पहाटे चारला सुरू होतो. ट्रक त्या पोरीपासून वीतभर अंतरावरून गेला, तेव्हा तुम्ही सगळे होतात ना रस्त्यावर? मग आता लाज कसली धरता?"

रोहेलिओनं हात वर केला. "दीड तास," तो म्हणाला. "रोज. रविवारी तीन." मग जी रांग लागली ती वाचनालय बंद करायची वेळ टळून गेली तरी हलेना. जो तो आपला गोंगाट पुढच्यापेक्षा मोठा करून सांगू लागला. पुलिदोंनी नमुना म्हणून तिथल्या तिथं भांडण करून दाखवलं. माझ्या कोंबड्याला मी जवळजवळ सिंह केला. किपच्या वहीची पानं संपली, तर तो मागच्या पुठ्ठ्यावर लिहू लागला.

डबी पुन्हा खांबावर चढली. दोन्या पुन्हा घरोघर फिरल्या. "जास्त नाही आणि कमी नाही. रोजच्याएवढंच," त्यांनी बजावलं. रोहेलिओ दोन चुलतभाऊ आणि एक ढोल घेऊन आला होता. त्यांना त्यांनी कोपऱ्यावरूनच पाटी दाखवून परत पाठवलं. कोंबडा बहिणीकडून घरी आला, आणि आल्या दिवशी पहाटे साडेतीनला सुरू झाला. प्रवासानं तसं होतं.

दुसऱ्या खेपेला गल्ली भरली सदुसष्ट डेसिबल. एवढ्या गोंगाटात दीडशे पोरांचा आवाज विरून जाईल, दखल घेण्याजोगा परिणाम नाही, अंगण राहील, असं किपनं लिहिलं. अहवाल पक्का करण्याआधी तो दोन्यांच्या ओसरीवर आला. मीही तिथंच होते, सहज.

त्यानं आलेखाचा कागद पसरला. डोंगरासारख्या रेघा, आणि मधेच एक सुळका, कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला.

"दिवसातला सगळ्यात मोठा आवाज हा आहे," तो म्हणाला. "दुपारी दोन बावन्न. ट्यूबा नाही, कोंबडा नाही. त्याच वेळी एक ट्रक गेल्याचं रहदारीच्या नोंदीत आहे, म्हणून मी 'ट्रकचा भोंगा' असं लिहितोय. चालेल ना?"

दोन्यांनी चष्मा लावून सुळका नीट बघितला.

"भोंगा नाही तो, लेकरा. मी आहे ती. माझं नाव लिही, आणि खाली लिही की पोरं थांबली."