रूळ नसलेल्या स्टेशनवरचं कडं

सासऱ्यांना वॉशरूमला जायचं होतं, म्हणून आम्ही त्या गावात थांबलो. आम्ही राहतो त्या मिल्टनहून तासाभरावरचं गाव. मक्याच्या शेतांमध्ये एक दगडी चर्च, पोस्ट, उंच पाण्याची टाकी आणि रंग उडालेलं धान्याचं कोठार, एवढ्याच तिथल्या खुणा. मी सफरचंदं आणायला निघाले होते. सासरे, म्हणजे बाबा, नागपूरहून आमच्याकडे आल्यापासून दोन महिने घरात बसून कंटाळले होते, म्हणून त्यांनाही चला म्हटलं. वाटेत ते जेमतेम चार वाक्यं बोलले असतील.

कोठारामागे एक बैठी, तांबडी, लाकडी इमारत दिसली. दारावर 'उघडे आहे' अशी पाटी होती. मी गाडी वळवली आणि बाबा सीटवर ताठ बसले.

"अगं, हे तर स्टेशन आहे!"

"कशावरून?"

"ती बाहेर निघालेली खिडकी पाह्य. तिथं बसलं की दोन्हीकडची गाडी दिसते."

नागपूरकडच्या लहानसहान स्टेशनांवर गाड्यांचे रूळ बदलणारा पॉइंट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. इथले रूळ केव्हाच उखडले होते, तिथून आता लोक कुत्री फिरवत होते. फलाट मात्र शाबूत होता. आत गावातल्या एक बाई बसल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे वडील याच स्टेशनात तारबाबू होते. आता तिथे छोटंसं संग्रहालय आहे आणि शनिवारी त्याच येऊन दार उघडतात.

बाबा वॉशरूममधून आले ते थेट भिंतीपाशी गेले. तिथे लांब दांड्याचं वेताचं कडं टांगलं होतं.

"ओळखता तुम्ही हे?" बाईंनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"ओळखतो म्हणजे? आयुष्यभर हेच केलं! पुढची लाइन मोकळी आहे याची खूण म्हणून एक गोळा असायचा. तो कड्याला बांधून धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचा."

बाई म्हणाल्या, इथे गोळ्याऐवजी चिठ्ठी असायची. ड्रायव्हर चिठ्ठी काढून कडं खाली फेकायचा आणि लहानपणी त्या रुळांकडेने धावत जाऊन ते उचलून आणायच्या.

"आमच्याकडेही फेकायचे!" बाबा मोठ्याने हसले. "एकदा बाभळीत अडकलं. मी वर चढलो आणि खाली साहेब उभे!"

मी भाषांतर करता करता दमले. ते दोघं माझ्यासाठी थांबेचनात. हातवारे करून, एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होते.

शेवटी बाईंनी कडं काढून बाबांच्या हातात दिलं. "करून दाखवतील का?"

"पण गाडी?" असं म्हणत बाबांनी बाहेर पाहिलं. फलाटाला लागून खडीचं रिकामं आवार होतं आणि त्यात माझी कार उभी होती.

"बाबा, नाही हं!"

"हळू चालव. तुमच्याकडं स्टिअरिंग डावीकडं, म्हणून खिडकीतून डावा हात काढ. कोपर वाकवून ठेव, ताठ नको."

पहिल्या फेरीला मी घाबरून हात आत घेतला. बाबा फलाटावरून ओरडले, "ड्रायव्हर झोपला का?" दुसऱ्या फेरीला ते पाय रोवून, अंग तिरकं करून, कडं उंच धरून उभे राहिलेले दिसले. सत्तरी उलटलेला माणूस, पण नजर हलत नव्हती. कडं खाडकन माझ्या कोपरात आलं! मी इतक्या जोरात किंचाळले की कुत्री फिरवणारे लोक थांबले. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"फेक आता!" बाबा ओरडले. मी कडं खाली टाकलं. मी ब्रेक लावेपर्यंत बाई ते उचलायला निघाल्याही होत्या, भराभर, जवळजवळ पळतच.

त्या कडं घेऊन फलाटावर चढल्या आणि त्यांचे वडील उभे राहत असावेत तशा उभ्या राहिल्या. आता घेण्याची पाळी बाबांची, असं त्यांनी खुणेनंच सांगितलं. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले, काच पूर्ण खाली केली. मी आवाराला वळसा घालून उलटीकडून गाडी आणली, म्हणजे फलाट त्यांच्या बाजूला येईल.

"उभं आयुष्य दिलं मी हे," ते म्हणाले. "घेतलं कधीच नाही. थोडी जोरात चालव."

मी ॲक्सिलरेटर दाबला. बाबांनी उजवा हात बाहेर काढला.