दिवसाआडची गोळी

फोन आला तेव्हा मी नातीला किंडरगार्टनमधून घेऊन येत होते. माझ्या सुनेचा, मेघनाचा, आवाज ओळखूच येईना. "आई, मम्मी गेली..." एवढंच ती बोलली. मम्मी म्हणजे तिची आई, माझ्या विहीणबाई, मालतीबाई. सकाळी न्याहारीला बसलेल्या असताना त्यांचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. मेंदूत रक्ताची गुठळी गेली, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी सगळं संपलं. आज सहा आठवडे झाले.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या या घरात, माझा मुलगा समीर आणि मेघना यांच्याकडे, आम्ही दोघी विहिणी तीन वर्षं एकत्र राहिलो. मी चौथी शिकलेली, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सुरुवातीला त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायलाही मला संकोच वाटायचा. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मुलाची आई तुम्ही. तोरा तुम्ही दाखवायचा, मी घाबरायचं. तुम्हाला साधं विहीण होता येत नाही!" मला इतकं हसू आलं की त्यानंतर मी त्यांना कधी लाजले नाही. दुपारी त्या मला मोठ्याने वाचून दाखवायच्या, मी भाजी निवडायची... इतकं सोबतीचं माणूस मला माझ्या माहेरीही मिळालं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन शेजारीणबाई, फ्राऊ वेबर, मालतीबाईंच्याच वयाच्या. दोघींनाही रक्त पातळ ठेवायची गोळी होती. फ्राऊ वेबर विम्याचं कार्ड घेऊन औषधाच्या दुकानात जायच्या आणि दहा मिनिटांत खोका घेऊन परत यायच्या. आमच्यासारख्या उतारवयात मुलांकडे आलेल्यांना तो सरकारी विमा मिळाला नाही, आणि जो मिळाला त्यात जुना आजार धरत नाहीत. त्यामुळे मालतीबाईंच्या गोळ्या पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून यायच्या. "बघा विहीणबाई," त्या म्हणायच्या, "आजार एक, गोळी एक. माझं हृदय तेवढं परदेशी!"

यंदा गोळ्या आणणाऱ्या माणसाचं येणं लांबलं. एका सकाळी मी पाहिलं, मालतीबाईंनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि तसंच परत ठेवलं.

"आज घेतली नाहीत?"

"उद्या घेईन. दिवसाआड घेतली की तो येईपर्यंत पुरतील."

"मेघनाला सांगते."

"मुळीच नाही. ती लगेच समीररावांना पदरचे पैसे भरून मला इथल्या डॉक्टरांकडे न्यायला लावेल. जावयाच्या घरी राहते तेवढं पुरे झालं. तुम्हाला माझी शपथ आहे."

शपथेमुळे मी गप्प बसले, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मुलाच्या आईने सुनेला म्हणायचं, तुझ्या आईच्या औषधाचं बघ... तिला वाटलं असतं, सासूला माझ्या आईचं ओझं झालं. त्या एका भीतीपायी मी रोज सकाळी बघत राहिले. एक दिवस गोळी, एक दिवस नुसतं पाणी.

मागच्या आठवड्यात तो माणूस पुण्याहून आला. मालतीबाईंच्या सहा महिन्यांच्या गोळ्या त्याने टेबलावर ठेवल्या आणि मान खाली घालून निघून गेला. मेघना त्या पाकिटांवरून हात फिरवत बसली. म्हणाली, "निदान मम्मीने गोळी कधी चुकवली नाही. तेवढं तरी समाधान आहे."

ते समाधान तिला ठेवू द्यावं, असं फार वाटलं. पण खोटं किती दिवस वाढायचं तिच्या ताटात? मी सगळं सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या आणा."

मी आणल्या. पाकिटात मी अर्ध्या तोडून ठेवलेल्या गोळ्या होत्या. त्याही पुण्याच्याच, त्याही पुरवायच्या होत्या. तिने एकेक अर्धी गोळी बाहेर काढून ओळीने मांडली. मग फोन उचलून डॉक्टरकडे टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितली. जर्मन मला येत नाही, पण कुणासाठी असं पलीकडून विचारल्यावर ती जे म्हणाली ते मला कळलं. "माइने मुटर." माझी आई.

हाच फोन तिने मालतीबाईंसाठीही केला असता. त्याच दिवशी केला असता. मी फक्त सांगायला हवं होतं.