दूध सोसायटीतील सुमन

आंबूस दुधाचा वास आला की गावची दूध सोसायटी आठवते. दुष्काळी साल होते. वडील ऊसतोडीला गेल्याने आई सोसायटीत दूध घालायला जाताना माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, सोबत नेई. फरशीवर रिकामे कॅन आदळले की सुमन कान दाबून किंचाळे.

एकदा सोसायटीचे सचिव म्हणाले, "वहिनी, पोरीला घरीच ठेवा. लोकं हसत्यात."

आईने किटली मागे घेतली. "दूध आमचं चालतंय, मग पोरगी कावून न्हाई? कॅनखाली गोणपाट टाका, न्हाईतर हे दूध माघारी चाललं."

दुष्काळाने सोसायटीत येणारे दूध आधीच आटले होते. सचिवांनी गोणपाट अंथरले.

मी शरमेने दाराबाहेर थांबलो होतो. ती शरम चुकीच्या गोष्टीची होती, हे आज स्पष्ट दिसते. आईला मात्र तेव्हाच दिसले होते.

"तू भायेर कावून?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आत ये. बहिणीजवळ उभा राहा."