यादीत नसलेले शेजारी

"ते शेजारी नाहीत गं. अतिक्रमण आहे ते."

साहेब हे माझ्याकडे न बघता म्हणाला. खिडकीतून खाली रुळांकडे बघत होता. मी त्याच्या टेबलासमोर उभी. हातात फोनची यादी. खाली साइडिंगवर एका टाकीच्या वॅगनचा व्हॉल्व्ह तुटला होता आणि आतलं कॉस्टिक, कातडी जाळणारं रसायन, खडीतून झिरपत नाल्याकडे चाललं होतं.

ज्यांना तो अतिक्रमण म्हणाला, त्यांत माझी आई होती.

बेंगळूरात के. आर. पुरमच्या पुढं मोठ्या लाइनीतून एक फाटा आत वळतो. तिथं एका कंपनीची साइडिंग आहे. मालगाडीनं आलेली रसायनं तिथं टँकर लॉऱ्यांत भरतात. मी ऑफिसात फोनवर होते, कंत्राटी. काही सांडलं, गळलं, की यादी काढायची आणि वरून खाली फोन लावत जायचं. रेल्वेचा कंट्रोल, फायर, प्रदूषण मंडळ, जवळचं हॉस्पिटल. मग शेजारी. म्हणजे भिंतीपलीकडचं अपार्टमेंट, त्यांचा सेक्रेटरी, आणि कोपऱ्यावरची इंग्लिश शाळा. प्रत्येक फोनची वेळ रजिस्टरात लिहायची.

आमची वस्ती नाल्याच्या खालच्या अंगाला. माझा बाप याच रुळांवर खडी टाकायला होता. तेव्हापासून आम्ही तिथंच. बाप गेला, घर राहिलं. आई नाल्याकाठी सोप्पू लावायची. सोप्पू म्हणजे पालेभाजी. आमच्या घरात भाजीला हाच शब्द. राजगिरा, मेथी, शेपू. नाल्याच्या कडेला एक खड्डा खणला होता, त्यात पाणी साठायचं. त्यात उभी राहून ती जुड्या धुवायची आणि दुपारनंतर त्याच अपार्टमेंटच्या गेटावर विकायची.

आम्ही बेंगळूरचेच. किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात निम्मं कन्नड. हा साहेब पुण्याचा. सर्जापूर रोडला राहायचा. मी कामाला लागले त्या दिवशी केवढा खूश झाला. "अरे वा, तुम्ही मराठी!" मलाही बरं वाटलं. आपलं माणूस, असं वाटलं. मग काहीतरी बघायचं होतं म्हणून मी म्हणाले, "स्वल्प थांबा सर, बघून सांगते." 'जरा'ला आमच्या घरात कन्नडातलं स्वल्पच म्हणतात. तो हसला. शेजारच्या केबिनमधल्या दोघांना बोलावलं. "परत बोल ना. ऐका हिची मराठी."

मी परत बोलले. ते हसले. मीपण हसले.

त्याच दिवशी त्यानं आडनाव विचारलं. मग कुठं राहते विचारलं. मी सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि नंतर मला कधी 'तुम्ही' म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, चहाचा कप घरून आणत जा, सगळ्यांनाच सांगितलंय. सगळ्यांचे कप पँट्रीतच होते. मी बघत होते. तरी आणला. स्टीलचा पेला आणला.

हे सांगते, कारण त्या दिवशी मी गप्प का बसले ते याशिवाय कळणार नाही. गप्प बसायची सवय एका दिवसात लागत नाही.

व्हॉल्व्ह तुटला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी एकेक फोन लावला. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला सांगितलं, नाल्याकडच्या गेटानं कुणाला सोडू नका, पाण्याला हात लावू नका. त्यानं दोनदा विचारून घेतलं, थँक्यू म्हणाला. शाळेनं मैदानावरची मुलं आत घेतली. सगळं नीट झालं. यादी संपली. मग मी साहेबाकडे गेले.

"सर, खाली आमची वस्ती आहे. नाल्याला लागूनच. त्यांना कळवू?"

"यादीत आहे?"

"नाही सर."

"मग?" आणि मग त्यानं ते शेजाऱ्यांचं वाक्य म्हटलं. वर म्हणाला, "तिथं फोन केलास की पन्नास माणसं गेटावर येतील. मीडिया येईल. फायरवाले आलेत ना, बघतील ते. आणि मोबाइल इथं ट्रेमध्ये ठेव. सगळं मिटेपर्यंत कुणीच पर्सनल फोन करणार नाही."

मी मोबाइल ट्रेमध्ये ठेवला.

कुणी हिसकावून घेतला नाही. मीच ठेवला. माझ्या हातानं.

मग तो म्हणाला, "रजिस्टर पूर्ण कर. लिही, सर्व शेजाऱ्यांना कळविले." मी तेही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत बक्षीस मिळालं होतं.

खाली दार होतं. दारातून वस्ती चालत दहा मिनिटं. धावले असते तर पाच. मी खुर्चीवर बसून राहिले. मनाला सांगत होते की आई आज नाल्यावर उशिरा जाईल, तिचे गुडघे दुखतात, ती अजून घरीच असेल.

अकरा वाजून गेल्यावर ट्रेमधला मोबाइल थरथरायला लागला. स्क्रीनवर नाव आलं, सरोजाक्का. आमच्या शेजारची. मी कामावर असताना ती मला कधी फोन करत नाही. थांबला. परत वाजला. मी साहेबाकडे बघितलं. त्यानं नुसता हात वर केला. "नंतर."

तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा वाजला. मग बंद झाला.

मला जाऊ दिलं तेव्हा दीड वाजला होता.

आई सरकारी हॉस्पिटलात होती. सरोजाक्कानं तिला ऑटोत घालून नेलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सोललेले. डोळ्यांवर पट्ट्या. माझा आवाज ऐकल्यावर ती मला समजावून सांगायला लागली, जसं काही चूक तिचीच होती. "पाणी गुळगुळीत लागत होतं गं. साबणासारखं. वाटलं, वर कुणीतरी कपडे धूत असेल. वास नाही, रंग नाही. मग डोळ्यांत उडालं. चुरचुरायला लागलं, म्हणून धुतले."

"कशानं धुतले?"

"तिथल्याच पाण्यानं. दुसरं कुठलं असणार?"

डॉक्टरीणबाई आल्या. विचारलं, डोळ्यांत जाऊन किती वेळ झाला? कशाचं पाणी होतं? सरोजाक्का म्हणाली, आम्हाला काय माहीत, नाल्याचं पाणी. मला माहीत होतं. रसायनाचं नाव माहीत होतं. व्हॉल्व्ह कधी तुटला ते मिनिटासकट माहीत होतं. मीच लिहिलं होतं. मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "लगेच कळलं असतं आणि स्वच्छ पाण्यानं डोळे धूत राहिल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती."

सरोजाक्कानं ते ऐकलं. तिनं मला कन्नडात विचारलं, तुला हे सगळं कसं माहीत? मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं. "तू तिथं बसून होतीस?" एवढंच म्हणाली आणि आईची पिशवी माझ्या पायाशी ठेवून निघून गेली. तिच्याशी माझं बोलणं आजही नाही.

आईचा उजवा डोळा गेला. डाव्यानं उजेड कळतो, माणूस कळत नाही.

घरी आणल्यावर एक दिवस तिनं विचारलं, "तुला आधी कळलं होतं का गं?"

मी नाही म्हणाले.

तीन दिवस तसंच गेलं. तिला जेवायला घालायचे, पायांना औषध लावायचे. चौथ्या दिवशी सांगितलं. सगळं. यादी, ट्रे, चार वेळा वाजलेला फोन. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "सांगितलं असतंस तर मी आले असते गं बाहेर. मी काय हट्ट करणार होते?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तर अजून बरं.

प्रदूषण मंडळाच्या अधिकारी चौकशीला आल्या. कन्नड बाई, चष्मा लावलेल्या, शांत बोलणाऱ्या. त्या येण्याआधी साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. समोर टाइप केलेला कागद ठेवला. त्यात होतं, वस्तीतल्या रहिवाशांना माझ्यामार्फत तोंडी सूचना दिली होती, तरीही माझी आई पाण्यात उतरली.

"सही कर. तुला पर्मनंट करायचं माझं आधीपासून होतंच. आईचं पण बघू. आपण मराठी माणसं परमुलखात, एकमेकांना सांभाळायला हवं."

परमुलूख त्याच्यासाठी. माझा हा मुलूख. इथल्या खडीत माझ्या बापाचा घाम आहे.

मी कागद दोनदा वाचला. 'तरीही' या शब्दाशी थांबले. यांनी तिचे डोळे घेतले होतेच, आता तिची अक्कलही घेणार होते. सगळ्या जगाला सांगणार होते की ती म्हातारी सांगूनसुद्धा उतरली. आणि खाली माझी सही.

मी पेन ठेवलं. उठले.

बाहेर अधिकारी बाई येऊन रजिस्टर बघत होत्या. 'सर्व शेजाऱ्यांना कळविले' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, वस्तीला कुणी कळवलं? साहेब मागून आला. म्हणाला, "हिनंच. ती तिथलीच आहे."

"नाही," मी म्हणाले. कन्नडात म्हणाले, म्हणजे तिथल्या सगळ्यांना कळेल. "वस्तीला कुणीच कळवलं नाही. मी विचारलं, तेव्हा मला नको म्हणून सांगितलं. मी ऐकलं. ही ओळ खोटी आहे. अक्षर माझं आहे."

साहेब म्हणाला, "आईच्या प्रकरणानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, मॅडम." मी आवाज चढवला नाही. परत तेच सांगितलं, वेळेसकट. बाईंनी लिहून घेतलं. मी खाली सही केली.

संध्याकाळी गेटावर माझा पास काढून घेतला.

यानं आईला दिसायला लागलं नाही. ती आता दारात बसते. कुणी जवळून गेलं की विचारते, कोण? वस्तीत काही जण माझ्या दारावरून जाताना थुंकतात. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांचा राग खरा आहे.

चौकशी चालू आहे. कंपनीचा वकील म्हणतो, रजिस्टर हिचं, खोटं लिहिणारी ही, आधी हिला पकडा. पकडा. मीही तक्रार दिलीय, आणि तिच्यात दोषी म्हणून पहिलं नाव माझंच लिहिलंय. दुसरं साहेबाचं. तिसरं, ज्यानं यादी बनवताना आम्हाला शेजारी धरलं नाही त्याचं. तो कोण, हे मला अजून माहीत नाही. कुठल्या तरी ऑफिसात बसून त्यानं नकाशावर आमची जागा मोकळी दाखवली. त्याला नाव आहे, सही आहे, टेबल आहे. ते नाव मी शोधून काढणार. मला शिक्षा झाली तरी काढणार, आणि आईसमोर मोठ्यानं वाचणार.