डाव्या बाजूची पाचर

दवाखान्यातल्या ताईंबद्दल वाईट बोलायचं नाही, असं भावजींनी मला बजावून ठेवलंय. मी त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. चौदा वर्षं त्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते आहे आणि या चौदा वर्षांत त्यांचं एकही म्हणणं मी मुकाट्याने ऐकलेलं नाही. हेही ऐकणार नाही.

कारखाना आपला म्हणायचा. सोफा दुरुस्तीच्या दुकानामागची लांबट खोली आहे ती. एका भिंतीला प्लायवूडचे तक्ते, दुसरीला फोमच्या लाद्या, मधोमध माझं मशीन आणि सगळीकडे भुसा. माझ्या डब्यातसुद्धा भुसा सापडतो. भावजी मूळचे गादीकाम करणारे. फाटलेले सोफे, खचलेल्या गाद्या, दवाखान्यातली उसवलेली बाकं, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं. माणूस इतका मऊ की गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि भांडायला कुणीच नाही म्हणून चहा पिऊन जायचं.

चौदा वर्षांपूर्वी ताई आल्या त्या एक मोडकी खुर्ची घेऊनच. मुलांच्या दवाखान्यात त्या व्यायाम द्यायच्या. जन्मापासून ज्यांचे हातपाय, मान, पाठ ऐकत नाहीत अशी मुलं त्यांच्याकडे यायची. खुर्ची खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हिला पाय बसवून द्या आणि पुढे पाय टेकायला एक फळी."

"कुणाची आहे?" भावजींनी विचारलं.

"अठरा मुलांची."

"सगळी एकाच मापाची आहेत का?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग खो खो हसल्या. म्हणाल्या, "दहा वर्षं मी हेच ओरडतेय हो. उद्या या दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावजींना एका उंच स्टुलावर बसवलं. पाय अधांतरी, पाठीला टेकू नाही. हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, पत्ता लिहा. दहा मिनिटांत भावजी घामाघूम. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "आता कळलं?" ताई म्हणाल्या. "पोर लिहीत नाही, घास घेत नाही, म्हणून सगळे त्याच्या हाताला दोष देतात. आधी कंबर नीट बसवा. कंबर बसली की मान बसते, मान बसली की डोळे आणि हात कामाला लागतात. आणि दोन मुलांच्या कंबरा कधी सारख्या नसतात."

भावजींनी हे इतकं मनावर घेतलं की घरात दुसरा विषय नाही. जेवताना कंबर, झोपताना कंबर. माझी बहीण म्हणायची, "एकदा माझ्या कंबरेचंही विचारा, दिवसभर वाकून मोडलीय." सोफे मागे पडले. वर्षाला अठरा-वीस खुर्च्या व्हायच्या, प्रत्येक वेगळी. कुणाच्या मानेला आधार, कुणाच्या मांड्यांमध्ये ठोकळा. कुणाला पुढे काठ असलेली फळी, म्हणजे वाटी घसरून खाली जाऊ नये. लाकडाचं काम ते करायचे, गाद्या आणि पट्टे मी शिवायचे आणि शेवटी ताई येऊन तपासायच्या. भावजींचा एक नियम होता. खुर्ची मुलाच्या घरी न्यायची, मूल तिच्यात बसून एक पूर्ण जेवण जेवेपर्यंत समोर बसायचं आणि मगच खुर्ची तिथे ठेवायची. "पाहुण्यांसमोर कुणीही दोन मिनिटं ताठ बसतं," ते म्हणायचे. "भुकेलं पोर नाटक करत नाही." जेवताना मूल कलंडलं, घास अडकला, तर खुर्ची परत खांद्यावर. असं तीन-तीनदा झालंय. आया कंटाळायच्या, मी तर चिडायचे, पण या एका बाबतीत मऊ माणूस लोखंडासारखा होता.

हेडबाई आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. हे नाव मी ठेवलं. तिला बोलता येत नव्हतं, पण खोलीत कुणी चूक केली की ती त्याच्याकडे अशी काही बघायची की बिशाद नाही पुढे जायची. एकदा मी पट्टा उलटा शिवत होते. ही माझ्याकडे एकटक. मी म्हटलं, काय गं? तिने डोळे पट्ट्याकडे वळवले. दुसऱ्या दिवसापासून ती हेडबाई. तिची आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला उभी राहायची. मुलीला कडेवर घेऊन यायची, तेव्हा मुलीचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबायचे.

शाळेने त्यांना सांगितलं होतं, कुणी न धरता दीड तास बसली तर घेऊ. एवढंच. आई म्हणाली, "मला दुसरं काही नको. दीड तास पाहिजे."

हेडबाईची कंबर डावीकडे खाली जायची आणि मग सगळं अंग त्या बाजूला कोसळायचं. भावजींनी चार वेळा बैठक बदलली. शेवटी डाव्या बाजूला दोन बोटं जाड पाचर घातली, एका अंगाने जाड आणि दुसरीकडे उतरत गेलेली, आणि उजव्या फासळ्यांना एक मऊ उशी दिली. हेडबाई बसली ती बसलीच. त्या दिवशी तिने मऊ भाताची अख्खी वाटी संपवली, मान सरळ ठेवून. तिची आई भिंतीला टेकून रडत होती आणि भावजी उगाचच पट्ट्याचं बक्कल तपासत होते, कारण त्यांना आमच्यासमोर रडायचं नव्हतं.

हेडबाई शाळेत जायला लागली. दोन महिन्यांत ती मूठ सरकवून चित्र दाखवायला शिकली. शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं, "फळ्यावर माझं काही चुकलं की तुमच्या मुलीकडे बघायची मला भीती वाटते." आम्ही आठवडाभर हे एकमेकांना सांगून हसत होतो.

मग ताई आल्या. एक कंपनी राजी झाली होती. खुर्च्या साच्यातून काढायच्या, हलक्या, चाकांच्या, शेकड्याने. "आपण वर्षाला वीस करतो," ताई म्हणाल्या. "माझ्या यादीत सहाशे मुलं आहेत. त्यांचा नंबर येईपर्यंत त्यांच्या पाठी वाकतात हो." खोटं नव्हतं ते. त्यांना नमुना पाहिजे होता, आठ दिवसांसाठी. आणि आजवरच्या खुर्च्यांत सगळ्यात चांगली जमलेली हेडबाईची, म्हणून तीच.

भावजी म्हणाले, "पाचर फक्त तिची आहे, हे त्यांना सांगा. बाकीच्यांना सपाट बैठक द्या आणि मागून पाहिजे तशी पाचर घालता येईल अशी सोय ठेवा."

"मला शिकवता का आता?" ताई हसल्या. "कंबर कुणी शिकवली तुम्हाला?"

भावजीही हसले. मीही हसले, हे मला आज लिहावं लागतंय.

हेडबाईची आई तयार नव्हती. दाराशी उभी राहून ती म्हणाली, "आठ दिवस शाळा बुडेल." भावजी म्हणाले, "बाई, मी सांगतो ना. नवव्या दिवशी मी स्वतः आणून देतो." तिने पाच मिनिटं विचार केला आणि आत जाऊन खुर्ची पुसून आणली.

नवव्या दिवशी ताईंचा फोन आला, परवा देते. परवा म्हणाल्या, इंजिनिअर बाहेरगावी गेलाय, सोमवारी. भावजी म्हणाले, मग मी नवीन करायला घेतो, तक्ता कापलाच आहे. ताई म्हणाल्या, "अहो, कशाला श्रम? पहिली नवी खुर्ची तिलाच देणार आहोत. तुमची जुनी तर परवा येतेच आहे." भावजींनी कापलेला तक्ता भिंतीला लावून ठेवला. मी म्हटलं, करून टाका. ते म्हणाले, "ताई म्हणतायत ना." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. ताईंनी चौदा वर्षांत एकदाही शब्द मोडला नव्हता, म्हणून आम्हाला त्यात काही खटकलं नाही. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो.

तीन महिने गेले. हेडबाई घरी पलंगावर. आई कामाला गेली की शेजारीण मधूनमधून कूस बदलायची. शाळेने निरोप पाठवला की आता पुढच्या वर्षी बघू. भावजी भेटायला गेले की आई फक्त विचारायची, "परवा ना?"

आणि मग एक दिवस छापील आमंत्रण आलं. खुर्च्यांच्या वाटपाचा कार्यक्रम.

मोठं सभागृह होतं. समोर व्यासपीठ, मागे कापडी फलक, आणि खाली रांगांमध्ये निळ्या रंगाच्या दोनशे खुर्च्या. हेडबाईची आई मुलीला कडेवर घेऊन आमच्याबरोबर आली होती. रांगांमध्ये मुलं बसवून झाली होती. आया फोटो काढत होत्या. मला आधी काही कळलं नाही. निळा रंग चांगला दिसतोय, एवढंच मनात आलं. मग भावजींनी माझा दंड धरला.

सगळी मुलं उजवीकडे कलली होती.

एका रांगेतली नव्हे, सगळ्या रांगांतली. ज्यांची कंबर मुळात सरळ होती तीही. एक आई आपल्या मुलाला पुन्हा पुन्हा सरळ करत होती आणि तो पुन्हा पुन्हा उजवीकडे घसरत होता. तिला वाटत होतं, मुलाचंच काहीतरी चुकतंय. ती त्याला म्हणत होती, "नीट बस ना राजा, एवढी छान खुर्ची दिलीय." भावजी तिच्याजवळ गुडघ्यावर बसले आणि त्यांनी मुलाच्या मांडीखाली हात घातला. डावीकडे दोन बोटं जाड. ओतीव प्लास्टिकची, बैठकीशी एकजीव, काढायची सोय नाही. एका मुलीच्या कंबरेसाठी तासलेली पाचर दोनशे मुलांच्या खाली होती.

ताई व्यासपीठाच्या पायऱ्यांजवळ उभ्या होत्या, छातीवर कागदी फूल लावून. मला वाटलं होतं, त्यांना हे आत्ताच कळलं असेल आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या असतील. भावजींनाही तसंच वाटलं असावं, कारण ते समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "ताई, ती पाचर राहिली वाटतं त्यांच्याकडून."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"साचा तयार झाल्यावर लक्षात आलं. साचा बदलायचा तर सगळं वर्षभर लांबलं असतं, कदाचित बंदच पडलं असतं. काहीच नसण्यापेक्षा बरी ना? पुढच्या खेपेला सुधारू."

"तुम्ही पास केली?"

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला."

"आणि तिची? हेडबाईची खुर्ची कुठाय?"

ताईंनी फुलाची टाचणी सारखी केली. मग म्हणाल्या, "ती कापली त्यांनी. आतली मापं घ्यायला मधून उभी कापली."

"कधी?"

"आता काय उपयोग विचारून?"

"कधी कापली, ताई?"

"पहिल्याच आठवड्यात."

म्हणजे सगळे परवा खोटे होते. सगळे सोमवार खोटे. तक्ता भिंतीला टेकून उभा होता, पंधरा दिवसांत खुर्ची झाली असती, आणि या बाईने फोनवर गोड बोलून ती होऊ दिली नाही, कारण खरं सांगितलं असतं तर भावजी त्या कंपनीत जाऊन उभे राहिले असते आणि पाचरीचं सगळ्यांसमोर बोलले असते. हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मी ताईंना काय बोलले ते छापण्यासारखं नाही. चौदा वर्षं ज्या माणसाच्या तोंडून कंबर सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं, त्याला त्या दिवशी साधं "का?" म्हणता आलं नाही.

ताईंनीच पुढे होऊन हेडबाईच्या आईला एक निळी खुर्ची दाखवली. "हिला तर अगदी बरोबर येणार बघा. हिच्याच मापाची आहे."

आईने मुलीला बसवलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. दोनशेपैकी एका मुलीला ती खुर्ची बसायला हवी होती, आणि खरं सांगते, मीही देवाला हात जोडले. पण तीन महिने पलंगावर पडून हेडबाईची कंबर आखडली होती. पूर्वी पाचरीने ती वर उचलली जायची, आता हटेनाशी झाली होती. पाचरीने सगळं अंगच उजवीकडे फेकलं. तिची मान लटकली, हात फळीखाली गेला. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंडातून एक बारीक आवाज काढला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

आईने पट्टे सोडवले आणि तिला उचलून घेतलं. भावजी पुढे झाले. "बाई, मी उद्याच करायला घेतो. तक्ता कापलेला आहे. ताईंनी आपल्याला फसवलं हो. मलाही फसवलं."

हेडबाईच्या आईने मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवलं. ओरडली नाही ती. इस्त्री केलेल्या कपड्यासारखं सपाट, शांत बोलली.

"ताईंना मी कुठे ओळखते? खुर्ची मी तुमच्या हातात दिली होती."

आणि ती रांगांमधून वाट काढत दाराकडे गेली.